बाईंना न चालणारा शब्द

शाळेत रुजू होऊन मला चार दिवस झाले होते. शिक्षकांच्या खोलीत बसून मी खेळाच्या सामानाची यादी करत होतो आणि बॉलमध्ये हवा भरायचा पंप काही सापडत नव्हता. मी स्वतःशीच म्हणालो, "च्यायला, गेला कुठं?"

खिडकीजवळ वह्या तपासत बसलेल्या एका बाईंनी लाल पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कोणाच्या आईला?"

मला कळेना. "काय म्हणालात?"

"च्यायला म्हणालात ना आपण? म्हणजे, च्या आईला. हा झाला मधला तुकडा. आधी 'कोणाच्या' ते राहिलं आणि शेवटी 'काय' तेही राहिलं. वाक्य पूर्ण करा. मी मराठी शिकवते, मला अर्धवट वाक्य चालत नाही."

बाकीचे सर हसायला लागले. माझे कान तापले. मी धायरीचा. तेव्हा धायरीत एवढ्या सोसायट्या नव्हत्या, आमच्या दारात म्हशी होत्या, आणि 'च्यायला' ही शिवी आहे हे आमच्या घरात कोणाला ठाऊकही नव्हतं. माझी आई म्हशीला म्हणायची, स्टोव्हला म्हणायची, देवालाही म्हणायची. मी तसं बाईंना सांगितलं.

"मग तर फारच वाईट," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई दिवसभर कोणा ना कोणाच्या आईला मध्ये ओढतात आणि त्यांना पत्ताही नाही." आणि त्यांनी पुन्हा पेन उचललं.

या शेवडे बाई. स्वारगेटजवळच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी खेळ. बाई उंचीनं इतक्या कमी की फळ्याचा वरचा भाग त्यांच्या तासाला कोराच राहायचा. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, उतरायचा. मागच्या बाकावरची मुलं ऐकू यावं म्हणून पुढं वाकायची, आणि त्यातच वर्ग शांत व्हायचा. मैदानावर शिट्टी फुंकून फुंकून माझा घसा बसायचा आणि या बाई शेजारच्या वर्गात कुजबुजून साठ पोरं सांभाळायच्या.

बाई शिव्यांच्या विरुद्ध होत्या असं सगळे समजायचे. ते तितकं खरं नव्हतं. त्या म्हणायच्या, "राग आला तर माणसानं काय करावं? बोलावंच. पण शिवीचा पत्ता बरोबर हवा. ज्याच्यावर राग आहे त्याच्या घरी न जाता ती दर वेळी त्याच्या आईच्या घरी का जाते?" पुढे शाळेत एक तरुण सर आले. ते इंग्रजीतून शिव्या द्यायचे, अगदी सहज, शिंक यावी तशा. बाईंनी त्यांना एकदा चहाचा कप पुढे केला आणि म्हणाल्या, "त्याचं मराठी करून सांगा, आणि मग याच खोलीत, याच आवाजात पुन्हा म्हणा." सरांनी चहा घेतला. मराठी काही केलं नाही.

नववीतल्या वैशालीची गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात मी कमी पडलो होतो.

एके दिवशी मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी, या वैशालीनं वर्गातल्या एका मुलाला आईवरून सणसणीत शिवी दिली. नेमके मुख्याध्यापक तिथून चालले होते. तिला ऑफिसात उभं केलं. मी मैदानावर होतो म्हणून मलाही बोलावलं, आणि वर्गशिक्षिका म्हणून शेवडे बाईंना. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, पण त्या दिवशी 'मुलगी असून' हे दोन शब्द त्यांनी पाच-सहा वेळा म्हटले. आईवडिलांना बोलावणं धाडायचं ठरलं.

बाईंनी विचारलं, "तीच शिवी त्या मुलानं दिली असती तर आपण काय केलं असतं?"

"कान धरून सोडला असता."

"मग हिचेही कान धरा. आईवडील कशाला?"

"अहो बाई, मुलगी आहे ती."

"म्हणजे आपला आक्षेप शिवीला नाहीच," बाई म्हणाल्या. मग त्या वैशालीकडे वळल्या. "त्याच्या आईनं तुझं काय वाईट केलं?"

"काही नाही."

"मग त्यानं काय केलं?"

ती खाली बघत म्हणाली, "तो रोज मागून येऊन पाठीला हात लावून पळतो. आणि घाण बोलतो. मी दोनदा सांगितलं होतं."

"कोणाला?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं.

तिनं मला सांगितलं होतं हे खरं. मैदानावर, सामन्याच्या गडबडीत. मी दोन्ही वेळा म्हणालो होतो, दुर्लक्ष कर गं, जा खेळ.

बाई माझ्याकडे वळल्या नाहीत. मुख्याध्यापकांनाच म्हणाल्या, "शिवी वाईटच आहे. पण ही हिची पहिली तक्रार नाही, तिसरी आहे. आधीच्या दोन शुद्ध मराठीत होत्या. त्या कोणी ऐकल्या नाहीत."

आईवडिलांना बोलावणं गेलं, पण ते त्या मुलाच्या. आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी अख्ख्या वर्गाला गृहपाठ दिला. प्रत्येकानं पाच नव्या शिव्या तयार करून आणायच्या. त्यात आई नको, बहीण नको, जात नको, कोणाचं व्यंग नको, जनावर नको. पोरं खूश होऊन घरी गेली आणि रात्रभर डोकं खाजवत बसली असणार, कारण एवढं सगळं काढल्यावर शिवीत उरतं काय, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. बाईंनी निवडक शिव्या वर्गात वाचून दाखवल्या. 'तू उभा राहशील त्या स्टॉपवर बस न थांबो.' 'तुझ्या डब्यात रोज दोडका असो.' वर्ष संपेपर्यंत आमच्या मैदानावर पोरं एकमेकांना 'दोडक्या' म्हणत होती.

ऑफिसातल्या त्या प्रसंगाच्याच संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे एका बसनं निघालो. स्वारगेटहून सुटणारी धायरीची बस. बाई सिंहगड रस्त्यावर आनंदनगरला उतरायच्या, मी शेवटपर्यंत. मी त्यांची माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होतो. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मागता? तिची मागा, उद्या, वर्गासमोर नाही, एकटीला." मी मागितली. पण त्या संध्याकाळी मला दुसरंही काही विचारायचं होतं.

"बाई, तुम्हाला कधीच शिवी द्यावीशी वाटली नाही?"

बस दांडेकर पुलाजवळ अडकली होती. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी खोचक ऐकायला मिळणार. पण बाईंचा आवाज उतरलेला होता.

"माझे वडील कचेरीत हेडक्लार्क होते," त्या म्हणाल्या. "आमच्या आळीत त्यांच्याइतका मृदू माणूस नाही असं लोक म्हणायचे. पोस्टमनलासुद्धा अहो म्हणायचे. आणि घरात त्यांनी आईला नावानं हाक मारलेली मी कधीही ऐकली नाही. एकच शब्द होता. चहा हवा असला तरी तोच, टॉवेल हवा असला तरी तोच. रागानं म्हणायचे असंही नाही. सवयीनं."

मग त्यांनी तो शब्द मला सांगितला. एकदाच, इंजिनाच्या आवाजाखाली. मी तो इथे लिहीत नाही. दोन अक्षरांचा आहे, घरातल्या बाईला तिच्या चारित्र्यावरून हिणवायला वापरतात, आणि मराठी येणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

"आई त्या शब्दाला ओ द्यायची, बेनकर. मी चार-पाच वर्षांची असेन. मला वाटलं, हे तिचं नाव. एक दिवस मला तहान लागली आणि मी तिला त्या नावानं हाक मारली. आईनं मला मारलं नाही, रागावली नाही. पाणी दिलं. पाणी देताना म्हणाली, तू नको गं."

आनंदनगर आलं. बाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "हे आमच्या मंदारच्या बाबांनाही मी सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत म्हणून." आणि उतरून गेल्या.

मी ते कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

बाई निवृत्त झाल्या, त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचे यजमान गेले. मुलगा मंदार हडपसरला एका आयटी कंपनीत होता, तिकडेच त्यानं मोठ्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेला. मीही निवृत्त झालो. महिन्यातून एकदा आमचा फोन व्हायचा. बहुतेक वेळा त्या नातीबद्दल बोलायच्या. सई तिचं नाव. इंग्रजी शाळेत जायची, पण आजीकडून तिला मराठी कविता पाठ झाल्या होत्या. "ही 'ळ' स्वच्छ म्हणते," बाई मला फोनवर सांगायच्या, एखाद्यानं नातीला पदक मिळाल्याचं सांगावं तसं.

दोन वर्षांपूर्वी मंदारचा फोन आला. आईला पॅरालिसिसचा झटका आला होता, त्या तीन आठवडे दवाखान्यात होत्या, आता घरी आणलं होतं. "उजवी बाजू गेली आहे," तो म्हणाला. "आणि बोलणं... म्हणजे बोलते ती. सर, तुम्ही या एकदा. पण येण्याआधी मला तुम्हाला काहीतरी सांगायला हवं." आणि त्यानं ते काही सांगितलं नाही. त्याला जमलं नसणार.

मी हडपसरला गेलो. बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. गाऊन घातलेला, केस कोणीतरी कापून बारीक केलेले. मला बघून त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू उजळली. त्यांनी डावा हात वर केला आणि मला हाक मारली. त्या शब्दानं.

मी दारातच थांबलो. मंदारला वाटलं, बाईंच्या तोंडून शिवी ऐकून मी हादरलो. "सर, प्लीज वाईट वाटून घेऊ नका," तो मागून म्हणाला. "तिच्याकडे एवढा एकच शब्द राहिलाय." मी हादरलो होतो हे खरं. पण तो ज्यासाठी समजत होता त्यासाठी नाही.

डॉक्टरांनी घरच्यांना समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या ज्या भागात वाक्यं तयार होतात तो भाग गेला होता. पण काही शब्द आपण विचार न करता बोलतो, आकडे, प्रार्थना, शिव्या, ते म्हणे दुसरीकडे असतात आणि कधी कधी वाचतात. एखाद्याला देवाचं नाव उरतं, एखाद्याला असं काहीतरी. "पण माझ्या आईनं आयुष्यात कधी शिवी दिली नाही हो," मंदार म्हणाला होता. डॉक्टर म्हणाले, कुठून आला ते आम्हालाही सांगता येत नाही. दिली नसेल, ऐकली असेल.

मला ते सांगता येत होतं. मी गप्प राहिलो. बाईंनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्यांच्या देखत कशी उघडी करणार, असं मला वाटलं. आज मी ते माझं शहाणपण समजत नाही.

दर गुरुवारी मी जायला लागलो. बसनं स्वारगेट, तिथून दुसऱ्या बसनं हडपसर. बाईंना सगळं समजत होतं. मी पेपर वाचून दाखवायचो आणि त्या ऐकायच्या. हळूहळू मला कळायला लागलं की तो शब्द एकच असला तरी बाई त्यात सगळं म्हणत होत्या. शेवटी आवाज वर गेला की तो प्रश्न. लांबवला की 'पुरे झालं'. दोनदा पटपट म्हटला की पाणी. एकदा बातमीतला 'आणि' या अर्थाचा 'नि' मी आधीच्या शब्दाला जोडून वाचला, तर त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं पेपरवर टकटक केली आणि तो शब्द असा उच्चारला की मला स्पष्ट 'अहो बेनकर' ऐकू आलं. मी हसलो. त्याही हसल्या. अर्ध्या तोंडानं, पण खूप वेळ.

बाहेरच्यांना मात्र फक्त शब्द ऐकू यायचा. सोसायटीतल्या भजनाच्या बायका दोनदा येऊन गेल्या, मग आल्या नाहीत. बाईंची एक धाकटी जाऊ आली होती, तिनं बाईंच्या हातात प्रसाद ठेवला आणि बाईंनी तिला तोच शब्द दिला, डोळ्यांत पाणी आणून. जाऊबाई घरी जाऊन म्हणाल्या, "आयुष्यभर सोज्वळपणा दाखवला, आता पोटातलं बाहेर पडलं." हे मला सूनबाईंनी, अनुजानं, सांगितलं. ती फार चिडली होती. अनुजा चांगली मुलगी. सासूचं अंग ती स्वतः पुसायची.

पण मग सईनं तो शब्द शाळेत म्हटला.

सई तेव्हा दुसरीत होती. आजी सगळ्यांना ज्या नावानं हाक मारते त्या नावानं तिनं वर्गातल्या मैत्रिणीला हाक मारली, प्रेमानं. शाळेनं मंदार आणि अनुजाला बोलावलं. तिथं कोणी मुलीला विचारलं नाही की बाळ, तुला यातून काय म्हणायचं होतं. लेखी खुलासा मागितला. पुढच्या गुरुवारी मी गेलो तर आजीच्या खोलीचं दार बंद होतं आणि सई बाहेर जेवणाच्या टेबलाशी एकटी चित्र काढत होती.

"काका, मला आईंचा राग नाही," अनुजा म्हणाली. "पण सईचं शिकायचं वय आहे. मी काय करू सांगा." ज्यानं ते सांगितलं असतं ते माणूस आत, दाराआड होतं.

त्यानंतर बाई सारखं दाराकडे बघायच्या. बाहेर सईचा आवाज आला की तो शब्द म्हणायच्या, शेवटी वर नेत. प्रश्न. मी म्हणायचो, "अभ्यास करतेय ती." त्या माझ्याकडे बघत राहायच्या. खोटं बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडे त्या तशाच बघायच्या.

माणसं दुरावली म्हणून बाई खंगत चालल्या आहेत असं मला वाटलं आणि मी एक गोष्ट केली. चांगल्या हेतूनं केली, पण केली मीच. त्यांच्या एका जुन्या वर्गातली मुलं मला फोन करायची, बाईंना भेटायचंय म्हणायची. मी मंदारला विचारलं. तो आधी नको म्हणाला. मी म्हणालो, "अरे, बाईंचीच मुलं आहेत ती." तो कसाबसा तयार झाला.

तिघं जण आले. आता सगळे चाळिशीतले. शाल, पेढे, फुलं. मी त्यांना खाली पार्किंगमध्ये आधी सगळं सांगितलं होतं. त्यातला पराग बँकेत होता, बाईंचा लाडका. तो पायांना हात लावायला वाकला, आणि बाईंनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला. त्याच शब्दात दिला, तीन-चार वेळा, गहिवरून. दुसऱ्यानं मोबाईल समोर धरला होता. आठवण म्हणून, तो म्हणाला. तिसऱ्याला हसू आवरलं नाही, तो खोकल्यासारखं करून बाहेर गेला.

मोबाईल धरलेल्या मुलानं ते रेकॉर्डिंग त्यांच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं होतं, 'बाईंची अवस्था बघवत नाही.' त्याचा हेतू वाईट नव्हता हे मी आजही म्हणतो. पण ग्रुपमधल्या कोणी ते दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे. दोन दिवसांनी मला ते एका भलत्याच माणसाकडून आलं. खाली हसणारे चेहरे, आणि 'आशीर्वाद असावा तर असा'. मी त्या मुलाला फोन केला, त्यानं रडून माफी मागितली, त्याच्याकडचं काढून टाकलं. बाकीचं कोण काढणार?

हेही निभावलं असतं. पण बाईंना सांभाळायला एक लताताई यायच्या, त्यांच्या मोबाईलवर ते कुठून तरी पोचलं. त्या भोळ्या बाईला वाटलं, आजींचे विद्यार्थी आलेले, आजींना बघून बरं वाटेल. तिनं मोबाईल बाईंच्या समोर धरला आणि लावलं.

लताताईंनी मला नंतर सांगितलं ते असं. "आजी आधी हसल्या, पोरांना बघून. मग स्वतःचा आवाज आला तशा थांबल्या. माझा हात धरून ठेवला आणि परत लावायला लावलं. तीनदा ऐकलं. मग तोंड फिरवलं."

झटका आल्यापासून त्यांना वाटत होतं की आपण बोलतोय ते नीट बोलतोय, असं काही असतं का, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, रुग्णाला आपलं चुकतंय हे आतून कळत नाही. आपण 'सुखी राहा' म्हणतोय असंच त्याला वाटतं. ते खरं असेल तर एवढे महिने बाईंना फक्त एवढंच दिसत होतं की आपण बोलतो आणि माणसं निघून जातात. त्या दिवशी त्यांना आपल्या तोंडून आपले वडील ऐकू आले.

त्यानंतर बाई बोलल्या नाहीत. पाणी हवं असलं तरी नाही.

मंदारनं मला फोन केला. "तुम्हीच आणलंत ना त्यांना, सर?" तो एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "मी येतो. मला तुला काहीतरी सांगायचंय."

आम्ही सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसलो आणि मी त्याला बसमधली संध्याकाळ सांगितली. त्याचे आजोबा, ज्यांचा फोटो त्यानं दिवाणखान्यात लावला होता. त्याची आजी. चार-पाच वर्षांची मुलगी आणि पाण्याचा पेला. मंदारनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"मला वाटायचं, ती आम्हाला शिव्या देतेय," तो म्हणाला. "म्हणजे कळत होतं, आजार आहे. पण रात्री झोपताना वाटायचं, हिच्या मनात आमच्याबद्दल हेच असेल का."

"आधी सांगायला हवं होतं मी."

"हो," मंदार म्हणाला. "सांगायला हवं होतं."

त्या दिवशी आजीच्या खोलीचं दार उघडलं. अनुजानं स्वतः सईला आत नेलं, आणि शाळेला जे सांगायचं ते मी सांगेन, असं म्हणाली. पण बाईंचा निश्चय झाला होता. कोणी खोलीत आलं की त्या चांगला असलेला डावा हात उचलून तोंडावर ठेवायच्या. जेवताना तेवढा काढायच्या. मी गुरुवारी जायचो, मुद्दाम चुकीचं वाचायचो, ऱ्हस्वाचं दीर्घ करायचो. त्यांचे डोळे चमकायचे. हात हलायचा नाही.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. जायच्या आधीच्या गुरुवारी मी गेलो होतो, दुपारची वेळ होती. सई शाळेतून आली होती आणि गणवेशातच आजीच्या पलंगावर मांडी घालून बसली होती. मराठीचं पुस्तक उघडून ती एक धडा वाचून दाखवत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "आजी, 'वेळ'मधला ळ बरोबर म्हटला ना मी?"

बाईंनी मान डोलावली. हात तोंडावर.

"मग तोंडानं सांग ना," सई म्हणाली. "मला चालतं, आजी. मी शाळेत नाही म्हणणार."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. सईनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि ती आजीच्या आणखी जवळ सरकली. तिला आजीचा हात हवा होता. पण चालणारा हात तो एकच, आणि तो तोंडावर होता. सई त्या मनगटाला धरून बसली, ओढलं नाही, नुसतं धरून. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी उठून खिडकीशी जाणार होतो, पण उठवलं नाही.

मग बाईंनी सावकाश मान वळवली. सईकडून पलीकडे, भिंतीकडे, जेवढी वळेल तेवढी. ओठ घट्ट मिटलेले मला बाजूनं दिसत होते. तोंड पूर्ण भिंतीकडे गेल्यावर त्यांनी हात काढला, आणि न बघता, चाचपत, मागे नातीकडे केला.